सी टाइमचं लेटर बोटीवरून उतरायच्या आधीच घ्या

नमस्कार मंडळी. आज इथे न्यू जर्सीत जमलेल्यांपैकी काही जण टगवर, म्हणजे बार्ज ढकलणाऱ्या बोटीवर आहेत, काही फेरीवर, काही जण आधी भारतातून बोटीवर जायचे आणि आता ग्रीन कार्डवर इथे आलेत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, की क्रेडेन्शियल, म्हणजे बोटीवर काम करायचा सरकारी परवाना, वरच्या ग्रेडला न्यायचंय तर सी टाइम, म्हणजे बोटीवर काम केलेले दिवस, दाखवायचा कसा. तुमची फाइल तपासली जाते वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला, अमेरिकन कोस्ट गार्डच्या नॅशनल मॅरिटाइम सेंटरमध्ये. तिथल्या इव्हॅल्युएटरने तुम्हाला कधी बघितलेलं नसतं, थंडीत रात्रभर हडसन नदीत बार्ज, म्हणजे मालाची सपाट बोट, ढकललीत हे त्याला कुठून कळणार, त्याच्यासमोर कागद असतो आणि कागदावर असेल तेवढंच तो मोजतो.

म्हणून कंपनीकडून घ्यायचं सी टाइमचं लेटर नीट पाहिजे. कंपनीच्या लेटरहेडवर बोटीचं नाव, ऑफिशियल नंबर, ग्रॉस टनेज (बोटीच्या आकारमानाचा आकडा), इंजिनाची पॉवर, तुमची पोझिशन, तारखा, आणि पाणी कुठलं, म्हणजे नदी, इनलँड (खाडी-बंदराचं आतलं पाणी), निअर कोस्टल (किनाऱ्यालगतचा समुद्र) की ओशन. खाली कंपनीच्या जबाबदार माणसाची किंवा लायसन्सवाल्या मास्टरची, म्हणजे कप्तानाची, सही. ‘हा मुलगा आमच्याकडे दोन वर्षं होता, कामाला चांगला आहे’ असलं लेटर मी खूप जणांच्या हातात बघितलंय, आणि वाईट वाटतं हो, कारण माणसाने खरंच घाम गाळलेला असतो. दोन आठवडे बोटीवर आणि दोन आठवडे घरी अशी रोटेशन असेल तर नुसत्या जानेवारी ते डिसेंबर तारखा लिहून कसं चालेल, प्रत्यक्ष बोटीवरचे दिवस किती हा आकडा लेटरमध्ये हवाच.

आता दिवसाचा हिशोब, इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं म्हणून जरा थांबतो. कोस्ट गार्डचा एक दिवस म्हणजे ८ तासांचं वॉच (पाळीची ड्युटी) किंवा काम, ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० दिवसांचं. पण ज्या बोटीला कायद्याने टू-वॉच सिस्टिमची, म्हणजे दोनच पाळ्यांत काम चालवायची, परवानगी आहे, टगवर सिक्स-ऑन सिक्स-ऑफ, सहा तास काम सहा तास सुट्टी, करता ना तुम्ही, तिथे १२ तासांचा दिवस दीड दिवस धरता येतो. म्हणजे २४० दिवस बोटीवर काढलेत तर ३६० होतात, वर्ष पूर्ण! फक्त टू-वॉच आणि १२ तास हे लेटरमध्ये स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, ती एक ओळ राहिली तर १२० दिवसांवर पाणी सोडायची वेळ येते.

स्वतःची छोटी बोट असेल आणि सिक्स-पॅक (सहापर्यंत प्रवासी न्यायचं लायसन्स) किंवा छोट्या टनेजचं मास्टरचं लायसन्स करायचं असेल तर छोट्या बोटीवरच्या सर्व्हिसचा फॉर्म सीजी-७१९एस, प्रत्येक बोटीला वेगळा. २०० टनांखालच्या बोटीचा मालक स्वतःच्या सर्व्हिसवर स्वतः सही करू शकतो, पण मालकीचा पुरावा जोडावा लागतो, आणि बोट मित्राची असेल तर सही मित्राची. १०० टनांखाली ८ तासांची अट परिस्थिती बघून थोडी सैल करतात, तरी ४ तासांच्या खाली दिवस धरतच नाहीत, तेव्हा संध्याकाळी दोन तास चक्कर मारून आलात तर तो दिवस लिहू नका. खोटी माहिती देणं हा फेडरल गुन्हा आहे, त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि उगाच चार दिवस वाढवून सगळं करिअर कशाला पणाला लावायचं. आणखी एक, गेल्या तीन वर्षांतले ९० दिवसही दाखवावे लागतात, नुसता जुना टाइम भरपूर असून भागत नाही.

भारतातून आलेल्यांसाठी सांगतो. परदेशी झेंड्याच्या बोटीवरचा टाइम इथे धरता येतो, अमेरिकन बोटीवरच्या कामाच्या तोडीचा आहे का ते कोस्ट गार्ड ठरवतं, पण पुरावा गोळा करायची जबाबदारी तुमची. आपल्या सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकात, बोटीचं नाव, रँक, साइन-ऑन साइन-ऑफच्या तारखा असतात, त्या पानांच्या स्वच्छ कॉपी काढा आणि सोबत कंपनीचं सी सर्व्हिस लेटर लावा, कारण वॉच किती तासांचं होतं हे सीडीसीतून कळत नाही. क्रेडेन्शियलवरच्या ऑफिसरच्या एन्डॉर्समेंटला, म्हणजे त्या पदाच्या नोंदीला, अमेरिकन सिटिझनशिप लागते, फेडरल डॉक्युमेंटेशन (केंद्र सरकारकडची बोटीची नोंदणी) नसलेल्या बोटींपुरतं सिक्स-पॅक तेवढं या अटीतून सुटतं, एबी (एबल सीमन, अनुभवी खलाशी) सारख्या रेटिंगला, म्हणजे ऑफिसरखालच्या पदाला, ग्रीन कार्ड चालतं. पण सिटिझनशिप होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, मुंबईतल्या मॅनिंग ऑफिसला, म्हणजे तुम्हाला बोटीवर पाठवणाऱ्या भरती ऑफिसला, आत्ताच मेल टाका, कंपन्या विकल्या जातात, माणसं रिटायर होतात, आणि मग तुमचं रेकॉर्ड शोधून सही द्यायला कोणी उरत नाही.

बरं, ज्यांनी लेटर आणलीत त्यांनी पुढे या, एकेक वाचून बघू काय कमी आहे ते.