दहा सेकंद

[शाळेचं मैदान, मधली सुट्टी. आधी नुसता गलका, मग निवेदन.]

या गलक्यात कुणाचं तरी रडू मिसळलंय, हे व्हरांड्यात उभ्या असलेल्या बाईंना ऐकू येत नाही. शे-दोनशे पोरांच्या धावपळीत एकजण भिंतीकडे तोंड करून उभा आहे, हे दिसणार तरी कसं?

कॅनडातल्या टोरोंटो शहरात डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग या मानसशास्त्रज्ञांनी ते पाहायचं ठरवलं. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या अंगावर बिनतारी माइक लावले, लांबून कॅमेरा सुरू ठेवला आणि मुलांना नेहमीसारखं खेळू दिलं. मैदानावर टिपलेल्या दादागिरीच्या प्रसंगांत शिक्षक मध्ये पडले ते जेमतेम ४ टक्के वेळा. शिक्षकांना पर्वा नव्हती, असं मी म्हणणार नाही. त्रास देणारं मूल मोठ्यांची पाठ वळण्याची वाट पाहतं, आणि बरेचसे प्रसंग मिनिटभरही टिकत नाहीत.

[वर्ग. दप्तरं बाकांवर, मुलं बाहेर.]

हे कुणाच्या वाट्याला येतं? आपण लगेच त्या मुलाकडेच बोट दाखवतो. लाजाळू आहे, पटकन रडतो, बोबडं बोलतो. लठ्ठ मुलांना, अपंग मुलांना, अभ्यासात अडखळणाऱ्यांना जास्त त्रास दिला जातो, हे खरंच आहे. पण धोका त्या मुलाच्या अंगाला चिकटलेला नसतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४-९५ साली जन्मलेल्या जुळ्यांच्या १,११६ जोड्यांचा मागोवा घेतला गेला. मुलं पाच, सात, दहा आणि बारा वर्षांची असताना संशोधक त्यांच्या घरी जाऊन बसले. मोठ्या, गजबजलेल्या शाळेत बळी ठरण्याची शक्यता जास्त दिसली. शेजाऱ्यांशी सतत वाद असलेल्या घरांतही तेच. ज्या घरात मुलांना मारझोड होते किंवा आईवर हात उचलला जातो, तिथल्या मुलांना शाळेतही अधिक सोसावं लागतं.

[एकसारखे कपडे घातलेली दोन भावंडं शाळेच्या वाटेवर.]

त्यातल्या काही जोड्या एकाच बीजाच्या. तेच आईबाप, तेच घर, जन्मजात घडण तीच. तरीही सात ते नऊ या वयात एकाला शाळेत छळलं गेलं, दुसरा सुटला. दहाव्या वर्षी पाहिलं तर छळलेल्याच्या मनात भीती आणि उदासी जास्त होती. ‘तो मुळातच हळवा’ हे आपलं आवडतं उत्तर इथे टिकत नाही. जखम त्या छळाचीच आहे.

याच अभ्यासात असंही दिसलं, की त्रास सोसूनही काही मुलं सावरली. त्यांच्या घरात आईची माया होती, भावंडांचं एकमेकांशी पटत होतं, वातावरण मोकळं होतं. माया मोजली कशी? आईला पाच मिनिटं आपल्या लेकराबद्दल बोलू दिलं आणि ती कशी बोलते ते ऐकलं. मला ही पद्धत फार भावली. आपल्यापैकी किती आया, किती बाबा मार्कांचा विषय न काढता पाच मिनिटं बोलू शकतील?

दुसरा आधार मित्राचा. चौथी-पाचवीच्या मुलांवरचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. मैत्री तेव्हाच धरली, जेव्हा दोघांनीही एकमेकांचं नाव जिवलग म्हणून सांगितलं. असा एक सखा असलेल्या मुलांना त्रास झाला, तरी वर्षभरात त्यांचं वागणं-मन बिघडत गेलं नाही. एकट्यांचं बिघडलं.

[पुन्हा मैदान. घोळका. कॅमेरा मारणाऱ्यावर नाही, बघणाऱ्यांवर.]

आता टोरोंटोच्या चित्रफितींकडे परत या. १०० पैकी ८८ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. मध्ये पडली फक्त १९ वेळा. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दादागिरी दहा सेकंदांत थांबली.

दहा सेकंद. प्राथमिक शाळेतल्या पोरांनी केलेली ही करामत.

आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर तक्रारपेटी असते. असायलाच हवी. पण पहिलीतलं लेकरू, ज्याला अजून जोडाक्षरं येत नाहीत, ते चिठ्ठीत काय लिहिणार? आणि बाईंना जाऊन सांगितलंच, तर वर्ग त्याला चहाडखोर म्हणणार. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी आहे. मधल्या सुट्टीत, नळापाशी, कलम १७ कोण वाचणार? तिथे दुसरं मूलच हवं.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिव्हाली यांच्या पुढाकाराने ‘किवा’ हा कार्यक्रम याच विचारातून उभा राहिला. सुट्टीत शिक्षक लांबूनही ओळखू येईल असं भडक जाकीट घालून मैदानावर फिरतात. त्रास देणाऱ्यांशी बोलणं होतंच. पण त्याच वेळी शिक्षक वर्गातल्या दोन-चार मुलांना बाजूला बोलावतात. समंजस, आणि वर्गात ज्यांचं सगळे ऐकतात अशी मुलं. त्यांना एकच विचारतात: त्या मुलासाठी तुम्हाला काय करता येईल?

[डबा खाण्याची वेळ. एका मुलाशेजारी रिकामी जागा. दुसरं मूल डबा घेऊन येतं, बसतं, झाकण उघडतं.]