माशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली की माळव्यात थंडी उतरते आणि आपल्या इंदूरमधल्या फिश टँकमधले मासे आजारी पडायला लागतात. दिवाळीच्या साफसफाईत टाकी पूर्ण उपसून घासली जाते, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून लख्ख धुतला जातो. घर सजलं म्हणून मुलांच्या हट्टाखातर चार नवे मासे येतात. आणि तेवढ्यात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर घसरतो. या तिन्ही गोष्टी लागोपाठ झाल्या की आठवडाभरात एखादा मासा पर मिटून कोपऱ्यात बसतो, खाणं टाकतो, दगडाला अंग घासत सुटतो. मग घाईघाईने दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते आणि अंदाजाने थेंब पडतात.

ती बाटली उघडण्याआधी पाणी तपासा, हे मला आज अगदी कळकळीने सांगायचं आहे.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन याच जिवाणूंना मारतं. नवी वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर मासा स्वतःच्याच विषात पोहत राहतो. तो पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करतो, त्याचे कल्ले लालभडक होतात. आपल्याला वाटतं, रोग झाला. पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, सातावरून आठावर गेला, तर अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून नर्मदेचं पाणी वापरता की बोरिंगचं, हेही ठाऊक असू द्या आणि पीएच मोजूनच ठेवा. थेंब टाकून रंग बघायचे टेस्ट किट मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील, तर पाव ते तृतीयांश पाणी बदला. त्यासाठी नळाचं पाणी बादलीत काढून, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन टाकून दिवसभर ठेवा, किंवा क्लोरीन घालवणारं द्रावण वापरा. बादलीतलं पाणी टाकीइतकंच कोमट असायला हवं. स्पंज यापुढे टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

पाणी ठीक निघालं, मासा तरीही मलूल असला, तर आता त्याच्या अंगाकडे बघा. टॉर्च बाजूने धरली की छान दिसतं. परांवर, पाठीवर, शेपटीवर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके असतील, तर तो बहुधा व्हाइट स्पॉट हा आजार. इक्थियोफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेत शिरतो, त्याच्यामुळे हा होतो. या आजारात सगळा गोंधळ त्याच्या जीवनचक्रामुळे होतो, तेव्हा इथे जरा थांबून ऐका.

ठिपक्याच्या आत बसलेल्या परजीवीपर्यंत औषध पोहोचत नाही. तो पोट भरून मोठा होतो, माशावरून गळतो, तळाशी स्वतःभोवती कवच करतो आणि त्या कवचात एकाचे शेकडो होतात. त्या कवचालाही औषध दाद देत नाही. ती पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधत पोहत असतात, साधारण दोन दिवस, तेवढ्यातच औषध त्यांना मारू शकतं. आता लक्षात येईल की तिसऱ्या दिवशी ठिपके दिसेनासे झाले म्हणून उपचार थांबवले, तर काय होतं. ठिपके गळून तळाशी गेलेले असतात आणि पुढच्या आठवड्यात कितीतरी पटीने परततात. पंचवीस अंशांच्या पाण्यात हे चक्र आठवड्याभरात पुरं होतं. आपल्या थंडीतल्या गार पाण्यात तेच कित्येक आठवडे रेंगाळतं, आणि औषध चालू ठेवायचे दिवसही तेवढेच लांबतात.

म्हणून हीटर लावा. लिटरमागे एक वॅट हा ढोबळ हिशोब. उष्ण पाण्यातल्या माशांसाठी तापमान दोन-तीन दिवसांत हळूहळू अठ्ठावीस-एकोणतीसपर्यंत न्या. गोल्डफिशला गार पाणी मानवतं, त्याला सव्वीस-सत्तावीसच्या पुढे नेऊ नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू हवा.

औषध किंवा मीठ घालायचं तर आधी पाणी किती आहे ते काढा. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकी म्हणजे साठ गुणिले तीस गुणिले तीस, भागिले हजार: चोपन्न लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्षात पंचेचाळीसच्या आसपास. लिटरला दोन ग्रॅम धरलं, तर नव्वद ग्रॅम खडे मीठ. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं घाला. लोच आणि कॅटफिशसारख्या बिनखवल्यांच्या किंवा अगदी बारीक खवल्यांच्या माशांना मीठ आणि औषध दोन्ही फारसे सोसत नाहीत, त्यांना निम्म्यापासून सुरुवात करा. फिल्टरमध्ये कार्बन असेल, तर औषध घालण्याआधी काढा, नाहीतर तोच ते शोषून घेतो. निळं मेथिलीन ब्ल्यू मात्र मुख्य टाकीत नकोच, फिल्टरमधल्या जिवाणूंना ते घातक ठरतं. शेवटचा ठिपका गेल्यावरही पुढचे काही दिवस उपचार चालू ठेवा.

पण प्रत्येक पांढरी खूण व्हाइट स्पॉट नसते. रामबागेतल्या एका घरी गोल्डफिशला आठवडाभर औषध चालू होतं. जवळून पाहिलं, तर ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला, एका ओळीत. मासा खात होता, दुसऱ्याचा पाठलाग करत होता. तो वयात आलेला नर होता आणि ते ठिपके विणीच्या काळातले. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

उलट, तोंडाभोवती पांढरट थर किंवा पाठीवर खोगिरासारखा करडा पट्टा दिसला, तर तो जिवाणूंमुळे होणारा कॉलम्नॅरिस हा आजार असू शकतो. उष्णतेने तो भडकतो. तिथे हीटर वाढवणं म्हणजे मासा गमावणं. खवले उभे राहून पोट फुगलं असेल, तेव्हाही बाटली नको. या दोन्हींत पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय प्रतिजैविक देऊ नका. हाताला कापलेलं असेल, तर टाकीत हात घालू नका, माशांच्या काही जिवाणूंनी माणसाच्या त्वचेवरही न भरणाऱ्या गाठी उठतात.

नवा मासा आणलात, तर तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, त्याची जाळीही वेगळी. साधी प्लॅस्टिकची टब चालते, फक्त फिल्टर आणि झाकण हवं.

आणि मासा वाचणार नाही असं वाटलं, तरी दयेपोटी त्याला सिरपूर तलावात नेऊन सोडू नका. सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ साली रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली आहेत. तिथे आपल्या टाकीतला रोग आणि परदेशी जात, दोन्ही नकोत. टाकीतून काढलेलं साधं पाणी कुंड्यांना घाला. मीठ किंवा औषध असलेलं मात्र मोरीत ओता.

नमस्कार.