पैसे नेमके कशाचे मोजायचे?

विषारी झालेली जमीन आणि भूजल साफ करायच्या सरकारी कॉन्ट्रॅक्टबद्दल हे लिहितोय. सुरुवात एका हिशोबाने करतो. ट्रायक्लोरोइथिलीन, बोलताना सगळे टीसीई म्हणतात, हे मशीनच्या पार्टवरचं ग्रीस काढायचं सॉल्व्हंट. अमेरिकेत विमानांच्या हँगरमध्ये, लष्करी तळांवर, कारखान्यांत वर्षानुवर्षं वापरलं आणि उरलेलं बऱ्याचदा मागच्या खड्ड्यात ओतून दिलं. तिथल्या पिण्याच्या पाण्यात त्याची कायदेशीर मर्यादा आहे लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम. एक लिटर टीसीईचं वजन भरतं साधारण 1.46 किलो. आता भागाकार करा. एवढं एक लिटर जवळपास 29 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. आणि खड्ड्यात ओतलेलं कधी एक लिटर नसतं, ड्रमच्या ड्रम असतात.

त्यात हे पाण्यापेक्षा जड, त्यामुळे तेलासारखं वर तरंगत नाही, खाली खाली जातं, खडकाच्या फटीत शिरतं, चिकणमातीच्या थरावर जाऊन बसतं आणि तिथून थोडं थोडं विरघळत राहतं, दशकानुदशकं. वरून बघितलं तर गवत आहे, पार्किंग आहे, काहीच नाही. सरकारला ही अशी घाण साफ करायचं टेंडर काढायचं असतं. पूल बांधायचा असेल तर ड्रॉइंग असतं, किती सिमेंट, किती स्टील, सगळं कागदावर येतं. इथे वीस बोअर मारले तर त्या वीस ठिकाणचं कळतं, दोन बोअरच्या मधलं सगळं अंदाजाने भरायचं. म्हणून माझं म्हणणं असं, की या कॉन्ट्रॅक्टमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न रेटचा नाहीच. अंदाज चुकला तर भुर्दंड कोणाला, आणि पैसे नेमकं काय मोजून द्यायचे, हे दोनच प्रश्न खरे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, पटकन. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स गावी लव्ह कॅनॉल नावाचा एक जुना अर्धवट खणलेला कालवा होता. त्यात एका केमिकल कंपनीने 1942 ते 1953 या काळात वीस हजार टनांहून जास्त रासायनिक कचरा पुरला आणि मग ती जमीन शाळेच्या बोर्डाला 1 डॉलरला देऊन टाकली. वर शाळा आली, घरं आली. 1978 मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली आणि त्यातून 1980 च्या डिसेंबरमध्ये सुपरफंड कायदा झाला. ज्याने घाण केली त्याने निस्तरावी, तो सापडला नाही किंवा बुडाला तर सरकारी फंडातून करावं. फंडात तेल आणि केमिकल कंपन्यांवरच्या कराचा पैसा यायचा, तो कर 1995 च्या शेवटी संपला आणि 2021 मध्ये कायदा करून परत आणायला सुरुवात झाली. मधल्या काळात फंडाचा भार हळूहळू सर्वसामान्य करदात्यावर सरकत गेला, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

आता कॉन्ट्रॅक्टकडे येऊ. एक पद्धत म्हणजे झालेला खर्च द्यायचा आणि वर फी द्यायची. जमिनीखाली काय निघेल माहीत नाही, मग ठेकेदाराने तरी आधी आकडा कुठून सांगायचा, त्यामुळे तपासणीच्या टप्प्यावर हीच पद्धत रास्त. पण फी खर्चाच्या टक्क्यात द्यायला अमेरिकन सरकारी खरेदीत थेट बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण मग जेवढा खर्च वाढेल तेवढी कमाई वाढेल. फी आधीच ठरलेली असते. तरी त्यात एक खोट राहतेच, काम लवकर संपवायची घाई कोणालाच नसते. अजून एक सर्वे, अजून एक रिपोर्ट, अजून एक मीटिंग, आणि शेजारी राहणाऱ्या माणसाच्या विहिरीत मात्र तेच पाणी.

दुसरी पद्धत फिक्स्ड प्राइस. एवढी माती काढायची, एवढे पैसे, संपलं. ऑडिटवाल्यांना हे फार आवडतं. पण समजा खणायला गेलात आणि नकाशात नसलेली गाडलेली टाकी लागली, तर? तिथल्या सरकारी बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये यासाठी एक क्लॉज असतो. जमिनीची परिस्थिती कागदावर दाखवली त्यापेक्षा वेगळी निघाली, आणि ठेकेदाराने तिथे हात लावायच्या आधी लगेच लेखी कळवलं, तर किंमत आणि मुदत बदलून मिळते. बऱ्याच जणांना वाटतं ही ठेकेदारावर मेहरबानी आहे. तसं नाहीये. हा क्लॉज नसेल तर प्रत्येक बोलीवाला भीतीपोटी किंमत फुगवून भरणार, टाकी निघो न निघो, त्या भीतीचे पैसे सरकार मोजणारच. नाहीतर जो सगळ्यात कमी घाबरतो, म्हणजे ज्याला कामातलं सगळ्यात कमी कळतं, तो सगळ्यात कमी बोली लावून काम घेऊन जाणार.

तिसरं, टनावर पैसे. सोपं वाटतं, ट्रक वजनकाट्यावर गेला की बिल तयार. पण टनावर पैसे दिले की टन वाढतात, चांगली मातीसुद्धा खराब मातीबरोबर उचलली जाते, कारण वेगळी काढायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे कोणी देत नाही.

एक गोष्ट राहिली ती मध्येच सांगून टाकतो. 1980 च्या दशकात मध्यावर विमा कंपन्यांनी या कामापासून हात आखडता घेतला आणि चांगले ठेकेदार यायलाच तयार होईनात, कारण दुसऱ्याने केलेल्या घाणीचा खटला आपल्या अंगावर यायचा. मग सुपरफंड कायद्याच्या 1986 च्या दुरुस्तीत तरतूद झाली की सरकार अशा ठेकेदाराला नुकसानभरपाईचं संरक्षण देऊ शकतं, पण त्याने स्वतः गंभीर हलगर्जी केली असेल तर नाही. मला हे संतुलन आवडतं.

आता ज्या उदाहरणाने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते. सॅन फ्रान्सिस्कोमधलं हंटर्स पॉइंट, नौदलाचं जुनं शिपयार्ड, जमिनीत किरणोत्सर्गी अवशेष. जागा साफ करून तिथे घरं बांधायची योजना. साफसफाई करणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी मातीची सॅम्पल्स घ्यायची होती. काहींनी काय केलं, संशयित जागेची माती म्हणून दुसरीकडची स्वच्छ माती पिशवीत भरून पाठवली. दोन सुपरवायझरना 2018 मध्ये प्रत्येकी 8 महिन्यांची कैद झाली आणि नौदलाला जागेची पुन्हा तपासणी करायची वेळ आली. दोन माणसं वाईट निघाली म्हणून विषय सोडून देता येत नाही. जो खणतो तोच सॅम्पल घेतो आणि ते क्लीन आलं की त्याचंच काम पुढे सरकतं, ही मांडणी आपण लिहून दिलेली असते. सॅम्पल घेणारा माणूस वेगळ्या कॉन्ट्रॅक्टवर हवा, त्याचं बिल रिझल्ट काय आला यावर अवलंबून नको, आणि काही सॅम्पल्स न कळवता दुसऱ्या लॅबला गेली पाहिजेत. खर्च वाढतो, हो वाढतो. पण इथे सरकार खड्डा विकत घेत नाहीये, खात्री विकत घेतंय. तीच खोटी निघाली तर बाकी सगळे पैसे मातीत.

याच्या उलट टोकाला रॉकी फ्लॅट्स. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ, अण्वस्त्रांचे प्लुटोनियमचे भाग बनवायचा कारखाना. 1995 च्या आसपासचा सरकारी अंदाज होता की साफ करायला 65 वर्षं आणि 37 अब्ज डॉलर लागतील. 2000 मध्ये नवीन कॉन्ट्रॅक्ट झालं. खर्च सरकार देणार, पण ठरलेल्या टार्गेटपेक्षा कमी खर्चात आणि 2006 च्या डिसेंबरच्या आत संपवलं तर ठेकेदाराची फी वाढणार, उशीर झाला किंवा खर्च वाढला तर कापली जाणार. काम ऑक्टोबर 2005 मध्ये संपलं, साधारण 7 अब्ज डॉलरमध्ये. हे खरोखर मोठं काम आहे, मी मनापासून मानतो.

पण साफ म्हणजे किती साफ ते बघा. वरच्या 3 फुटांत प्लुटोनियमची मर्यादा ग्रॅममागे 50 पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) ठरली, त्याखाली नियम सैल, काही पाया आणि पाइप जमिनीतच ठेवले, आणि भूजलाच्या ट्रीटमेंटचं काम कारखाना पाडून झाल्यावरही चालूच राहिलं. म्हणजे काम लवकर संपलं यात ठेकेदाराची हुशारी होतीच, पण कुठे संपलं म्हणायचं ती रेघ सह्या करायच्या आधी वाटाघाटीत आखली गेली. इन्सेन्टिव्ह त्या रेघेपर्यंतच ढकलतो, पलीकडे एक इंचही नाही.

भूजलात तर ही रेघच हलते. पंपाने पाणी उपसायचं, गाळायचं, सोडायचं. पहिली काही वर्षं आकडा झपाझप उतरतो, सगळे खूश, मग तो सपाट होतो, कारण चिकणमातीत मुरलेलं हळूहळू बाहेर येत असतं. पंप बंद केला की काही महिन्यांत आकडा परत चढतो. एका दिवसाच्या सॅम्पलवर शेवटचा हप्ता देऊन टाकला तर चढलेल्या आकड्याच्या वेळी ठेकेदार जागेवर नसतो. म्हणून मी म्हणतो, शेवटचा मोठा हप्ता पंप बंद केल्यानंतरच्या सॅम्पलना बांधा, पावसाळी आणि कोरड्या दोन्ही काळांतल्या.

आणि सुपरफंडच्या कामात अजून एक मुदत लक्षात ठेवा. फंडातून काम होतं तेव्हा सर्वसाधारणपणे राज्य 10 टक्के देतं. भूजल पूर्ववत करायचं काम जास्तीत जास्त 10 वर्षं या हिशोबात बसतं, त्यानंतर पंप, वीज, फिल्टर, माणसं, सगळं राज्याच्या खात्यावर. प्रदूषण मागे राहिलं असेल तर दर 5 वर्षांनी जागेचा आढावा घ्यायचा असतो. तो फक्त फायलीतला आढावा न राहता विहिरीपाशी जाऊन घेतला जातोय का, हे अकराव्या वर्षी बघणारं कोणीतरी त्या राज्याच्या पगारावर असायला हवं, आणि त्याच्या पगाराची ओळ पहिल्या वर्षीच्या बजेटमध्ये घालावी लागते.