नळी लागली तरी तोंड धुवायचं

[दृश्य: सांगली–मिरज रस्त्याजवळचा एक वृद्धाश्रम. खिडकीत कोवळं ऊन. स्टीलच्या वाटीत पाणी, लहान मुलांचा मऊ ब्रश, घडी घातलेला पंचा.]

सकाळचे साडेसहा. मिरजेकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ सुरू झालीय. स्वयंपाकघरात चहा उकळतोय, पण कोपऱ्यातल्या पलंगावरच्या आज्जींना तो मिळणार नाही. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, त्यासोबत गिळणंही गेलं. नाकात नळी आहे. दूध, पेज, औषधं, सगळं त्या नळीतूनच.

तरी मावशी ब्रश घेऊन सगळ्यांत आधी त्यांच्याच पलंगाशी येतात.

“आज्जी, तोंड उघडा की वाईच.”

तोंडानं काही जातच नाही, मग तोंड कशाला धुवायचं? मीही असंच समजत होतो. शेवटच्या आजारपणात माझ्या आजीला नळी होती. आम्ही तिचं अंग पुसायचो, कूस बदलायचो, पाठीला पावडर लावायचो. तोंडात महिनाभर कुणी डोकावलं नाही. दवाखान्यातून घरी सोडताना कुणी तसं सांगितलंही नव्हतं. एक दिवस तिनं जांभई दिली आणि टाळूला चिकटलेला तपकिरी थर दिसला, झाडाच्या सालीसारखा. तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

[दृश्य: जेवणाची पंगत. एक आजोबा सावकाश घास चावताहेत.]

खाणारं तोंड चावता चावता स्वतःला बरंच साफ करत असतं. जीभ फिरते, लाळ सुटते, घासाबरोबर घाण पुढं सरकते. नळी लागली की हे सगळं थांबतं. माणूस तोंडानं श्वास घेऊ लागतो, तोंड कोरडं पडतं, कफ वाळून टाळूला आणि जिभेला चिकटतो. त्या थरात जंतू वाढतात. नळीनं अन्न पोटात पोचतं, पण लाळ तोंडातच तयार होते, आणि गिळणं बिघडलेल्या माणसाची ती लाळ थेंबाथेंबानं श्वासनलिकेत उतरते. पुष्कळदा साधा ठसकाही लागत नाही. घरचे म्हणतात, शांत झोपलेत. तिकडं छातीत न्यूमोनिया सुरू झालेला असतो. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असंही नाही. नुसती गुंगी, जेवणावरची वासना उडणं, बोलताना गळ्यात पाणी अडकल्यासारखा ओला आवाज, एवढंच दिसतं.

हे नुसतं तर्कानं सांगत नाही. जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं याचा अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. काही जणांचे दात तिथल्या सेवकांनी रोज जेवणानंतर घासले आणि आठवड्यातून एकदा दंतवैद्यकातल्या जाणकारांनी तोंड तपासून साफ केलं. बाकीच्यांचं नेहमीसारखंच चाललं. नेहमीसारखं चाललेल्यांत १०० पैकी १९ जणांना न्यूमोनिया झाला, तोंड साफ ठेवलेल्यांत ११ जणांना. ब्रश, पाणी, रोजची काही मिनिटं आणि आठवड्याची ती सफाई, एवढ्यानं हा फरक पडला.

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही लोक उपचाराला येतात. सांगली-मिरजेत दातांचे डॉक्टरही कमी नाहीत. तरी घरी परतणाऱ्या पेशंटच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली ‘दिवसातून दोनदा तोंड साफ करणे’ ही ओळ मला क्वचितच दिसली. ती लिहायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: मावशींचे हात, अगदी जवळून.]

मावशी हात धुतात, हातमोजे घालतात. पलंगाची डोक्याकडची बाजू वर करतात. ज्यांना बसवता येत नाही त्यांना कुशीवर वळवतात, तोंड थोडं खाली, म्हणजे पाणी गालाकडून बाहेर पडतं, घशात जात नाही. हनुवटी छातीकडं झुकलेली हवी. आपल्याकडं ठसका लागला की पाठीवर थाप मारून ‘वर बघ, वर बघ’ म्हणतात. गिळायला त्रास असलेल्या माणसानं मान मागं टाकली, की श्वासनलिकेची वाट आणखी मोकळी होते. म्हणून त्याला वर बघायला लावायचं नाही.

आधी ओठ ओले करायचे, मग गालाला हात लावून सांगायचं, आता ब्रश आत घालते. वाळलेला थर खरवडायचा नाही. ओल्या कापसानं भिजवून, मऊ पडल्यावर हलकेच उचलायचा. ब्रश पाण्यात बुडवून झटकायचा, पेस्ट नखाएवढी. चूळ भरायला सांगायचं नाही, कारण पाणी सगळ्यांत पातळ, तेच पहिल्यांदा चुकीच्या वाटेला जातं. फेस घट्ट पिळलेल्या कापडानं टिपून घ्यायचा. दातांच्या मध्ये बोट कधीही घालायचं नाही, दातखीळ बसली तर जखम होते. जीभ मागून पुढं, हलक्या हातानं. कवळी असेल तर काढून वेगळी घासायची आणि रात्री तोंडात ठेवायची नाही. शेवटी ओठांवर खोबरेल तेलाचं बोट, फक्त ओठांवर.

तोंडानं थोडंफार खाणाऱ्यांच्या लुळ्या गालात भाकरीचा कुस्करा अडकून राहतो. तोही रोज बघावा लागतो. जेवण झाल्यावर त्यांना अर्धा तास तरी बसवून ठेवायचं. आणि गिळणं कितपत शिल्लक आहे, हे स्पीच थेरपिस्टकडून, म्हणजे बोलण्या-गिळण्याच्या तज्ज्ञाकडून, एकदा तपासून घ्यायचं.

[दृश्य: आज्जींचा चेहरा. डावा हात हळूहळू वर येतो.]

आज्जींनी सारा जन्म मिश्री लावली. आजही ब्रश हिरडीला लागला की त्यांची डावी तर्जनी आपोआप ओठांकडं जाते, जुन्या सवयीनं. सुरुवातीला मावशी तो हात बाजूला करायच्या. आता नाही करत. ब्रशची दांडी त्याच हातात देतात, वरून स्वतःचा हात धरतात. आज्जी दोन-तीन वेळा घासतात. डाव्या हातानं, वेडंवाकडं. मग दमतात, डोळे मिटून घेतात.

मावशी भिंतीवरच्या तक्त्यावर खूण करतात, वाटीतलं पाणी बदलतात, पुढच्या पेशंटचा ब्रश काढतात. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी तोंड आधीच उघडून ठेवलंय.