प्रॉव्हिडन्स ग्रेज, १९१४: चॅम्पियन टीम आणि एकच होमरन

फेब्रुवारी १९१४. बाल्टिमोरच्या सेंट मेरीज शाळेत, जिथे हाताबाहेर गेलेली, निराधार पोरं ठेवायचे, तिथून १९ वर्षांचा बेसबॉलचा एक डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, जॅक डननं उचलला, सीझनचे ६०० डॉलर. पोराचं नाव जॉर्ज रूथ, पुढे सगळं जग बेब रूथ म्हणायला लागलं.

डन हा बाल्टिमोर ओरिओल्सचा मालक. टीम इंटरनॅशनल लीगमधली, म्हणजे मायनर लीग, सगळ्यात वरच्या मेजर लीगच्या एक पायरी खाली. जुलै आला तरी ओरिओल्स टॉपला, पण स्टँड रिकामे! कारण त्याच वर्षी फेडरल लीग मेजर म्हणून मैदानात उतरली, तिच्या टेरापिन्स टीमनं बरोब्बर रस्त्यापलीकडे ग्राउंड थाटलं आणि गावातलं सगळं पब्लिक तिकडे वळलं. टीम जिंकतेय पण गल्ल्यात पैसे नाहीत, मग मालकानं करायचं तरी काय? डननं प्लेअर विकायला काढले. रूथ, शोर आणि ईगन, तिघं एकदम मेजर लीगच्या बॉस्टन रेड सॉक्सला गेले. मला तर डनचं फार वाईट वाटतं.

बॉस्टनचा मालक जोसेफ लॅनिन, त्यानं त्याच सीझनला इंटरनॅशनल लीगमधली प्रॉव्हिडन्स ग्रेज ही टीमसुद्धा विकत घेतलेली, मग ऑगस्टमध्ये रूथला तिकडे धाडलं. मॅनेजर बिल डोनोव्हन, स्वतः डेट्रॉइटचा जुना पिचर, त्याच्या हाताशी पिचर कार्ल मेज आधीच होता आणि आता रूथ! म्हणजे बाल्टिमोरनं शोधलेला पोरगा त्याच लीगमध्ये दुसऱ्याच टीमला जिंकून द्यायला लागला.

५ सप्टेंबर, टोरंटो. ग्राउंड हॅनलन्स पॉइंटला, बेटावर, लोक मॅच बघायला बोटीनं यायचे. रूथनं पिचिंग करताना टोरंटोला अख्ख्या मॅचमध्ये एकच हिट दिली, म्हणजे फटका मारून बेस गाठणं त्यांना एकदाच जमलं. आणि बॅट हातात आली तेव्हा दोघं बेसवर होते, त्यानं बॉल असा उचलला की थेट कुंपणापार, म्हणजे होमरन, एका फटक्यात तीन रन, बॉल लेक ओंटारिओत जाऊन पडला असं आजही सांगतात. स्कोअर ९-०. पुढे मेजरमध्ये ७१४ होमरन मारलेल्या माणसाचा मायनर लीगमधला हा एकुलता एक होमरन, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वासच बसला नव्हता.

ग्रेज चॅम्पियन झाले. रूथ बॉस्टनला परतला. डननं १९१५ ला बाल्टिमोर सोडलं, टीम रिचमंडला नेली. त्याच वर्षाअखेर फेडरल लीग बंद पडली, आणि १९१६ ला डन नवी टीम घेऊन गावात परत आला, तो थेट टेरापिन्सच्या त्याच ग्राउंडवर.