ऐकणाऱ्यांचे शहर : पुण्याचे एक सांस्कृतिक वर्ष

पुण्याचे सांस्कृतिक वर्ष आपण एप्रिलच्या उन्हापासून मोजू, कारण या शहरातला एक अतिशय जुना वार्षिक उपक्रम याच दिवसांत सुरू होतो. पडद्यावर दिसत आहे ते टिळक रस्त्यावरचे टिळक स्मारक मंदिर. परीक्षा संपलेल्या असतात, बरीच कुटुंबे गावाला गेलेली असतात, आणि तरीही संध्याकाळ झाली की माणसे इथे व्याख्यान ऐकायला येतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली ही वसंत व्याख्यानमाला. इतिहास, शेती, अर्थकारण, विज्ञान, साहित्य, राजकारण असे रोज नवे विषय घेऊन रोज नवा वक्ता उभा राहतो, आणि समोरच्या श्रोत्यांमध्ये त्या विषयात वक्त्याइतकीच गती असलेले कोणीतरी बसलेले असण्याची शक्यता नेहमीच असते.

त्याच १८७५ च्या पावसाळ्यात स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले आणि त्यांची व्याख्याने झाली. त्यांच्या मिरवणुकीला शहरातून कडवा विरोध होता, आणि त्या मिरवणुकीच्या पाठीशी रानडे यांच्याबरोबर जोतीराव फुले आपल्या सहकाऱ्यांसह उभे राहिले. विचार चार लोकांसमोर मोठ्याने मांडायचा आणि तो ऐकून घ्यायचा की उधळून लावायचा हे लोकांनी ठरवायचे, ही रीत या शहरात अशी जुनी आहे. पुण्याच्या उत्सवांकडे पाहताना आपले लक्ष साहजिकच मंचाकडे आणि मांडवाकडे जाते. या माहितीपटात आपण त्यांच्यासमोर बसलेल्या माणसांकडेही पाहणार आहोत, कारण आमच्या मते या शहराचे वार्षिक कार्यक्रम टिकले ते त्यांच्या श्रोत्यांमुळे.

आषाढी एकादशीच्या आधी, पावसाची पहिली सर येऊन गेलेली असताना, आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येते. तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात उतरते, ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या मंदिरात, आणि दोन्हींचा मुक्काम दोन रात्रींचा असतो. या दोन रात्री पूर्व भागातील पेठांमध्ये शाळा, तालमी, मंगल कार्यालये आणि वाड्यांची अंगणे दिंड्यांसाठी उघडली जातात. कोणी पिठले-भाकरीच्या पंगती घालतो, कोणी वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळून देतो, केशकर्तन करणारे कारागीर विनामूल्य दाढी करून देतात, चर्मकार बांधव तुटलेल्या वहाणा शिवून देतात. रात्री जागोजागी कीर्तन उभे राहते. त्या कीर्तनाला बसलेल्या माणसाला अभंगाचा पुढचा चरण बहुधा पाठ असतो, आणि कीर्तनकार थांबला तर तो चरण श्रोत्यांकडूनच येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी हडपसरपर्यंत बरोबर गेलेले सोहळे वेगळे होतात : एक दिवेघाट चढून सासवडकडे जातो, दुसरा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे.

भाद्रपदातील गणेशोत्सवाविषयी इतके सांगितले गेले आहे की इथे मोजकेच सांगावे. १८९२ ते १८९४ या काळात पुण्यात या उत्सवाला सार्वजनिक रूप आले. भाऊसाहेब रंगारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याचा आरंभ केला आणि लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून व प्रत्यक्ष संघटनेतून त्याला बळ दिले. सुरुवातीच्या दशकांत या उत्सवाचा प्राण मेळ्यांमध्ये होता. मुलांचे आणि तरुणांचे गट पदे बसवून गल्लोगल्ली म्हणत, आणि त्या पदांतून लोकांपर्यंत काय पोहोचते आहे याकडे ब्रिटिश सरकारचे बारीक लक्ष असे. कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती आजही ठरलेल्या क्रमाने विसर्जनाला निघतात. मंडईतील टिळक पुतळ्यापासून निघालेली मिरवणूक बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकाकडे, म्हणजे पुणेकरांच्या अलका चौकाकडे जाते, आणि शेवटचे मंडळ पुढे सरकेपर्यंत बहुधा दुसरा दिवस उलटत आलेला असतो.

या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकांचे वादन कान देऊन ऐकावे असे आहे. ताशाची तर्री सुरू झाली की पथक सावध होते, ढोलाच्या पहिल्या ठोक्याबरोबर ध्वज नाचू लागतात, आणि ढोलांवर शेकडो टिपरू, म्हणजे वाजवायच्या काठ्या, एका क्षणी पडतात. त्यासाठी नदीकाठी आणि मोकळ्या मैदानांवर अनेक आठवडे सराव चाललेला असतो. त्यात संगणक अभियंते असतात, महाविद्यालयातील मुली असतात, दुकानात दिवसभर उभे राहून आलेली मुले असतात. पण याच मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीही असतात, ज्यांच्यापुढे शेजारच्या पथकाचा ताल ऐकू येत नाही आणि रस्त्यालगतच्या घरांतील आजारी माणसांना व तान्ह्या मुलांना सोसत नाही. मेळ्यांच्या पदांपासून सुरू झालेला उत्सव जिथे काहीच ऐकू येत नाही अशा टोकाला जाणे हे या शहराच्या स्वभावाशी विसंगत आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, त्यामुळे हा प्रश्न सोडवण्याची जबाबदारी आता आणखी वाढली आहे.

गणपतीच्याच सुमारास सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरासमोर महाविद्यालयीन मुलांची गर्दी दिसू लागते. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून इथे भरते. प्राथमिक फेरीच्या दिवशी रंगमंचाची मांडणी ठरलेल्या मिनिटांत उभी करायची, एकांकिका ठरलेल्या वेळेत संपवायची, आणि पडदा उघडण्याआधी प्रेक्षागृहातून उठणारी ‘अरे, आवाज कुणाचा’ ही आरोळी अंगावर घेऊन पहिले वाक्य बोलायचे. प्रयोग फसला तर हेच प्रेक्षक ते लपवत नाहीत, आणि रंगला तर ज्या महाविद्यालयाविरुद्ध ते घसा फोडून ओरडत होते त्याच महाविद्यालयासाठी टाळ्या वाजवतात. मराठी रंगभूमीला आणि चित्रपटाला इथून किती नट, लेखक आणि दिग्दर्शक मिळाले हे जाणकारांना ठाऊक आहे. २०२२ मध्ये अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही असा निर्णय दिला आणि त्या वर्षी करंडक कोणालाच दिला गेला नाही. त्यावरून मोठा वाद झाला. महिनोन्महिने जागून तालमी केलेल्या मुलांना तो निर्णय किती लागला असेल याची कल्पना करता येते. तरीही स्पर्धेचा मान राखायचा तर परीक्षकांना नकार देण्याचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

त्यानंतर नवरात्रात चतुःशृंगीची यात्रा भरते, दिवाळीत ठिकठिकाणी पहाटेच्या मैफली होतात, डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून पुस्तक महोत्सव भरू लागला आहे, आणि २००२ मध्ये सुरू झालेला पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारीत प्रेक्षकांना एका चित्रपटगृहातून दुसऱ्याकडे पळायला लावतो. परंतु डिसेंबर म्हटला की पुणेकराच्या तोंडी पहिला शब्द ‘सवाई’ हाच येतो.

किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचे १९५२ मध्ये पुण्यात निधन झाले. अब्दुल करीम खाँ यांचे हे शिष्य, आणि गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर व भीमसेन जोशी यांचे गुरू. १९५३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला. भीमसेनांनी तो आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने पुढे अनेक दशके वाढवला. २०११ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे नावही महोत्सवाच्या नावात आले. भीमसेनांचे मोठेपण असे की आपल्या गुरूच्या नावाने उभारलेल्या मंचावर त्यांनी सर्व घराण्यांना, वादनाला आणि नृत्याला जागा दिली आणि मोठ्या कलावंतांच्या आधी नव्या गायकांना बसवले. रमणबागेतील न्यू इंग्लिश स्कूलच्या मैदानावर अनेक वर्षे भरणारा हा महोत्सव २०१८ मध्ये मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला.

हजारो माणसे शाली पांघरून सतरंजीवर बसलेली असतात. शेजारी कोण बसले आहे हे ठाऊक नसते, पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघांचीही मान एकदमच हलते. ख्यालाची बढत, म्हणजे रागाची सावकाश उलगड, रेंगाळली तरी कोणी उठत नाही, आणि तबल्याच्या साथीतली एखादी सुंदर जागा निघाली तर दाद लगेच येते. आपल्याला रागाचे नाव ओळखता येत नाही याचा संकोच बाळगणाऱ्यांनीही इथे यावे, कारण आज जाणकार म्हणून डोलणाऱ्यांपैकी पुष्कळांचे कान याच मांडवात तयार झाले आहेत.

पूर्वी या मैफली रात्रभर चालत. मध्यरात्रीनंतर दरबारी आणि मालकंस, उजाडताना ललित आणि भटियार असा रागांचा प्रवास एकाच बैठकीत घडत असे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील मोजक्या दिवशी १२ वाजेपर्यंत सवलत देता येते. त्यामुळे रात्रभराच्या बैठका थांबल्या आणि महोत्सव दुपारी सुरू होऊ लागला. यातून मुलतानी, भीमपलास, पटदीप अशा दुपारच्या रागांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी, इतक्या मोठ्या समुदायासमोर ऐकण्याची संधी या पिढीला राहिली नाही. शेजारच्या वस्तीच्या झोपेसाठी केलेला नियम योग्यच आहे आणि तो सवाईलाही लागू व्हायला हवा. त्याच नियमात बंदिस्त सभागृहांना मात्र रात्रीही मुभा आहे. पुण्यात आज नाट्यगृहे आहेत, स्वारगेटजवळ गणेश कला क्रीडा मंच आहे, परंतु सवाईच्या श्रोत्यांना सामावून घेईल आणि ज्यातला सूर बाहेरच्या घरांपर्यंत पोहोचणार नाही असे सभागृह नाही. महापालिकेने ते बांधावे, त्याच्या ध्वनिरचनेचे काम संगीत समजणाऱ्या तंत्रज्ञांकडे द्यावे, बसायला खुर्च्यांबरोबर भारतीय बैठकीची सोय ठेवावी, आणि निदान महोत्सवाच्या शेवटच्या रात्री तिथे पहाटेपर्यंत गाणे चालू द्यावे, अशी आमची मागणी आहे.