जुन्या पिकअपचं स्टिअरिंग बदलताना

(दृश्य: तुर्भे, एपीएमसी बाजार. पहाटेची रांग. पिकअपच्या केबिनमधून दिसणारी.)

तुर्भ्याच्या एपीएमसीत कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आहेत. इथला माल ठाणे, डोंबिवली, पनवेलच्या दुकानांपर्यंत पोचवणाऱ्या पिकअपपैकी कित्येक दहा-पंधरा वर्षं जुन्या आहेत. त्यांचं ऑइल बदललं जातं, टायरची हवा बघितली जाते. पण ज्यावर दिवसभर हात असतात ते स्टिअरिंग वर्षानुवर्षं एकाच काळ्या कव्हरखाली राहतं.

ते कव्हर आधी कापून काढायचं. खालची परिस्थिती बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

(दृश्य: ब्लेडने कव्हर कापलं जातंय. आतली तडकलेली रिंग.)

रिंगच्या आत लोखंडी सळईचा सांगाडा असतो आणि त्यावर कडक प्लास्टिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा थर. गाडी उन्हात उभी राहते तेव्हा समोरच्या काचेतून येणारं ऊन रिंगच्या वरच्या भागावर पडतं, म्हणून प्लास्टिक तिथेच आधी तडकतं. हाताच्या घामाने आणि तेलकटपणाने पीयू चिकट होत जातो आणि मग पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात कव्हरखाली ओल धरते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तड्यांतून आत गेलेलं पाणी सळईला गंज चढवतं आणि फुगलेला गंज तडा आणखी रुंद करतो.

नुसते वरवरचे तडे असतील आणि सळई धड असेल, तर तडा खोलगट घासून, इपॉक्सी पुट्टी भरून, वर शिवलेलं कव्हर चढवता येतं. ते काम वाईट नाही. पण आरे जिथे मधल्या हबला, म्हणजे गोल गाभ्याला, मिळतात तिथे तडा असेल, रिंग वाकलेली असेल किंवा कव्हर हातात घसरत असेल, तर स्टिअरिंग बदलायचं. वळणावर घसरणारं कव्हर हे तडकलेल्या प्लास्टिकपेक्षाही धोक्याचं.

नवीन आणण्याआधी एक खात्री करा. स्टिअरिंग हलतंय ही तक्रार खरंच स्टिअरिंगची आहे का?

चाकं सरळ ठेवा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, नसेल तर बंद. रिंग हलक्या हाताने डावी-उजवी हलवा. एक माणूस बॉनेटखाली, स्टिअरिंग कॉलमच्या (रिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या) खालच्या जॉइंटकडे बघत उभा. हॉर्नचं पॅड काढून मधल्या नटकडेही लक्ष ठेवा. रिंग हलते आणि नट स्थिर राहतो, म्हणजे हबचे दाते (शाफ्टवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, घट्ट बसणारे) गेले. नट फिरतो पण खालचा जॉइंट हलत नाही, म्हणजे खेळ (सैलपणा) कॉलममध्ये आहे. जॉइंट फिरतो आणि चाकं उशिरा हलतात, म्हणजे बॉक्स (स्टिअरिंगचा गिअरबॉक्स), ड्रॅग लिंक किंवा टाय रॉड (बॉक्सपासून चाकांकडे जाणारे दांडे) यांचे बॉल जॉइंट बघायचे. या शेवटच्या दोन दोषांवर नवीन स्टिअरिंग काहीच करू शकत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 98 स्टिअरिंगच्या खेळाला 30 अंशांची मर्यादा घालतो. 400 मिलिमीटर व्यासाच्या रिंगवर 30 अंश म्हणजे कडेने जवळपास साडेदहा सेंटिमीटर. ही मर्यादा फार सैल आहे. चांगल्या अवस्थेतल्या गाडीत कडेवर दोन-तीन सेंटिमीटरच्या वर खेळ जाणवू नये. ठाण्याची एमएच-04 असो की नवी मुंबईची एमएच-43, आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस तपासणी दरवर्षी करावी लागते, तेव्हा हे तसंही समोर येणारच.

(दृश्य: स्पेअर पार्टच्या दुकानाचा काउंटर. जुनं आणि नवं स्टिअरिंग शेजारी पालथं ठेवलेलं.)

दुकानात जाताना मॉडेल, वर्ष आणि चासी नंबर घेऊन जा. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षागणिक कॉलम बदललेला असू शकतो. शक्य असेल तर जुनं स्टिअरिंग काढूनच न्या आणि दोन्ही पालथी ठेवून ताडून बघा. दात्यांची संख्या, हबची खोली, हॉर्नची तांब्या-पितळेची रिंग, इंडिकेटर परत आणणारी खाच, आणि व्यास.

व्यासाबद्दल थोडं थांबायला हवं, कारण छोटं, स्पोर्ट्स दिसणारं स्टिअरिंग बसवायचा मोह मालकांना होतो. 400 ऐवजी 350 मिलिमीटरचं स्टिअरिंग घेतलं की तेवढ्याच वळणासाठी साधारण 14 टक्के जास्त जोर लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंग नसलेली, मागे टनभर बटाटा भरलेली गाडी बाजाराच्या गल्लीत रिव्हर्स घेताना हा फरक खांद्याला कळतो. मूळ मापाचंच घ्या.

स्वस्त लोकल मालात हब मऊ धातूचा असतो. त्याचे दाते नव्यातच चेपले जाऊ शकतात. भंगारातून आणलेलं चालेल, पण अपघातातल्या गाडीचं नको. तिची रिंग सपाट फरशीवर ठेवली की डुगडुगते.

आता काम. साहित्य फार नाही: बॅटरीसाठी 10 नंबरचा पाना, मधल्या नटच्या मापाचा सॉकेट, लांब दांडा, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा), दोन बोल्टचा स्टिअरिंग पुलर (हब ओढून काढणारा), गंज सोडवणारा स्प्रे, रंगाचा मार्कर, नवीन नट आणि वॉशर. गाडीला एअरबॅग असेल तर मात्र इथेच थांबा. ती अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. एअरबॅगच्या वायरशी रस्त्यावर खेळायचं नसतं.

(दृश्य: गाडी सपाट जागी हळू पुढे येते आणि थांबते.)

गाडी सपाट जागी आठ-दहा मीटर सरळ चालवून थांबवा, म्हणजे चाकं खरोखर सरळ होतील. हँडब्रेक ओढा, चाकांना अडसर लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नाहीतर हॉर्न वाजत राहील किंवा फ्यूज उडेल. पॅड काढा. काही गाड्यांत ते मागून स्क्रूने धरलेलं असतं, काहींत नुसतं खाचेत दाबलेलं. ओढण्याआधी मागे वाकून बघा. घाईत तुटलेला क्लिप सुटा मिळणं कठीण.

नट सैल करताना रिंग दोन्ही हातांनी दुसऱ्याला धरायला लावा. किल्ली काढून स्टिअरिंग लॉकच्या आधारावर नट सोडवू नका. लॉकची पिन एवढ्या जोरासाठी केलेली नसते. ती वाकली तर पुढे गाडी चालू असताना कॉलम अडकण्याची भीती.

नट पूर्ण काढण्याआधी शाफ्टच्या टोकावर आणि हबवर एका रेषेत खूण करा. गणित साधं आहे: शाफ्टला 36 दाते असतील तर एक दाता म्हणजे 10 अंश. एक दाता चुकला की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं दिसणार.

आणि आता या कामातली सगळ्यात वाईट सवय. स्टिअरिंग निघत नाही म्हटलं की शाफ्टच्या टोकावर हातोडा पडतो. तो धक्का थेट खाली जातो. आटे चेपतात, कॉलमची बेअरिंग दबते, बॉक्सच्या आतल्या गोळ्यांच्या चाऱ्यांना खड्डे पडतात. अपघातात आत दबणारा कॉलम असेल तर त्याच्या प्लास्टिकच्या पिना तुटतात आणि कॉलमच बदलावा लागतो. पुलर वापरा. स्वतःचा नसेल तर भाड्याने किंवा ओळखीने आणा, पण आणाच.

(दृश्य: पुलरचे दोन बोल्ट हबमध्ये. मधला स्क्रू हळूहळू आवळला जातोय.)

नट शाफ्टच्या टोकाशी बरोबर येईपर्यंत परत फिरवून ठेवा. त्याने आटे वाचतात आणि सुटलेलं स्टिअरिंग तोंडावर येत नाही. पुलरचे दोन्ही बोल्ट हबमध्ये सारखेच आत जायला हवेत, निदान बोल्टच्या जाडीइतके. जास्त लांब बोल्ट मागचा कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटर-लाइटचा) फोडतात. मधला स्क्रू आवळत जा. टणकन आवाज आला की हब सुटला. नाहीच सुटला तर स्प्रे मारून ताण तसाच ठेवा आणि चहा घेऊन या. गॅसची ज्योत लावू नका. बाजूला वायरिंग आणि प्लास्टिक आहे.

पुलरसाठी आट्यांची भोकंच नसतील तर नट दोन-तीन आटे सैल ठेवून, रिंगच्या दोन्ही बाजू आळीपाळीने स्वतःकडे ओढत हब हलवत काढतात. वेळ लागतो, पण निघतं.

उघडलेल्या जागी हॉर्नचा स्प्रिंगवाला ब्रश दिसेल. बारीक पॉलिश पेपरने ब्रश आणि नव्या स्टिअरिंगवरची हॉर्नची रिंग साफ करा, पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्या. चासीचं जाड ग्रीस इथे लावलं की धूळ धरते आणि हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. शाफ्टचे दाते ब्रशने घासा, आटे तपासा.

नवीन स्टिअरिंग चढवण्याआधी इंडिकेटरचा दांडा मध्ये आणा. तो डावीकडे किंवा उजवीकडे राहिला तर मागची खाच स्विचची जीभ मोडते, आणि वळण संपल्यावरही इंडिकेटर चालूच राहतो. स्टिअरिंग दात्यांवर हाताने बसायला हवं. हातोड्याशिवाय बसत नसेल तर तो माल परत करा.

मध्य ठरवताना एक बारकावा मिस्त्री लोकही सोडून देतात. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेळा फिरतं ते मोजा. समजा चार फेरे होतात. मग मध्य दोनवर. बॉलवाल्या बॉक्समध्ये दात्यांची पकड नेमकी मध्यावर सगळ्यात घट्ट असते आणि बाजूला किंचित सैल. चाकं सरळ असताना बॉक्सही मध्यावर हवा. तो नसेल, तर स्टिअरिंग एक-दोन दाते सरकवून रिंग सरळ दिसेल, पण बॉक्स सैल भागातच चालत राहील आणि गाडी महामार्गावर भटकेल. अशा वेळी ड्रॅग लिंकची लांबी बदलून बॉक्स मध्यावर आणायचा. खेळ कमी करायला बॉक्सवरचा स्क्रू आवळणं हा उपाय नव्हे; त्याने मध्यावर बॉक्स जाम होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही. एका दात्यापेक्षा कमी वाकडेपणा उरला तर तोही अलाइनमेंटमध्येच काढतात.

नवीन वॉशर, नवीन नट. नायलॉनवाला नट एकदा सुटला की त्याची पकड गेली. टॉर्क मॅन्युअलमध्ये दिलेलाच द्या. अशा गाड्यांत तो बहुतेक 35 ते 50 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. आवळतानाही रिंग हाताने धरा, लॉकवर नाही. शेवटी नट आणि शाफ्टवरून रंगाची एक सलग रेघ ओढा.

(दृश्य: बॅटरीची वायर जोडली जाते. हॉर्न.)

हॉर्न तीन ठिकाणी वाजवून बघा: स्टिअरिंग सरळ असताना, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे. सगळीकडे वाजला पाहिजे. नुसता वाजतच राहिला तर पॅडखालची वायर दबून धातूला टेकली आहे. इंडिकेटर दोन्ही बाजूंना आपोआप परत येतो का बघा. रिंग कुठेही कॉलमच्या कव्हरला घासता कामा नये.

मग रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर हळू चालवा. पाणी वाहून जावं म्हणून आपल्या रस्त्यांना कडेकडे उतार असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे ओढणं दोषात धरू नका. ती जोरात ओढत असेल, तर मात्र अलाइनमेंट आणि टायरची हवा बघा.

साधारण पाचशे किलोमीटर झाले की पॅड उघडा. रंगाची रेघ सलग असेल तर पॅड परत बसवा. रेघ तुटलेली दिसली तर नट तसाच आवळून सोडू नका. स्टिअरिंग पुन्हा काढा आणि हबचे दाते उजेडात धरून तपासा. ते चेपले असतील तर तेच स्टिअरिंग परत चढवायचं नाही.